सतरा नंबरला थांबलेले लाड

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय. खरं सांगू... बरेचदा चहा पिता पिता हसलेय. "हिला डुलकी लागली असणार", "ह्याने आदल्या दिवशी पिक्चर बघितला असणार" — असलं काहीतरी म्हणून पुढे जायचे. आमच्या घरात ह्या गोष्टींना जागाच नव्हती. आम्ही बौद्ध, वडील परभणीकडचे, तरुणपणी वाकोल्यात आले आणि बस डेपोत मेकॅनिक म्हणून चिकटले. अंगारा नाही, नजर काढणं नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. लहानपणी मी अंधाऱ्या जिन्याला घाबरले की ते हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, "वर जा, बघून ये, आणि काय दिसलं ते मला सांग." मी जायचे. काही नसायचं.

तेव्हा हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण जे झालं ते भर दुपारी झालं, माणसांच्या गर्दीत झालं, आणि ऐकणारी मी एकटी नव्हते. म्हणून लिहितेय.

मी विमानतळावर नोकरी करते. एअरपोर्ट म्हटलं की लोक आधी वरपासून खालपर्यंत बघतात — एअर होस्टेस? नाही हो. मी अनाउन्सर होते. अकरा वर्षं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्लिश. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले होते सहा महिन्यांत येईल, नाही आला. आता मी फोनवर "हॅलो" म्हटलं की समोरचे "हां साहेब" म्हणतात. त्याच सुमारास टर्मिनलमधल्या घोषणाही कमी केल्या, सगळं स्क्रीनवर आलं. मला मदत केंद्राच्या काउंटरवर बसवलं. ट्रॉली कुठे मिळेल, बाळाला पाजायची खोली कुठे, गेट का बदललं... दिवसभर हेच. मला आवडतं ते काम.

गेली काही वर्षं आमच्याकडे तोडफोड चालूच आहे. प्रवासी वाढतायत आणि विमानतळाला हातपाय पसरायला जागा नाही. एकीकडे वस्ती, एकीकडे नदी, एकीकडे हायवे. मग आहे त्यातच पाडायचं आणि आहे त्यातच बांधायचं. आमच्या टर्मिनलची एक जुनी विंग, चौदा ते एकोणीस नंबरची गेटं, पूर्ण बंद केली होती. सीलिंग काढलेलं, खुर्च्या उचलून नेलेल्या, वायरी कापलेल्या. मध्ये पांढरं पार्टिशन, त्यावर बॅग ओढत हसणारं एक कुटुंब आणि खाली मोठ्या अक्षरांत "तुमच्यासाठी आम्ही बदलतोय". माझं काउंटर त्या पार्टिशनपासून जेमतेम वीस पावलांवर.

मंगळवार होता. दुपारचे पावणेदोन. पलीकडे कामगारांची जेवणाची सुट्टी झाली होती, ड्रिल थांबली होती, त्यामुळे जरा कानाला बरं वाटत होतं. आणि पार्टिशनच्या पलीकडून घोषणा ऐकू आली —

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. श्री. दत्ताराम लाड सतरा नंबर गेटवर थांबले आहेत. कृपया कोणीतरी यावे."

आवाज माझा होता.

आत्ताचा नाही... ऑपरेशनच्या आधीचा. "कृपया"तला "कृ" मी जरा लांबवायचे, त्यावरून आमच्या शिफ्टमध्ये माझी टिंगल व्हायची. तो तसाच. मी हिंदीची वाट बघत राहिले, सवयीने. हिंदी आली नाही. इंग्लिशही नाही. सुरुवातीचा तो टिंग-टाँगही वाजला नव्हता. आणि मजकूर तर अगदीच उलटा. आम्ही प्रवाशाला गेटवर बोलावतो. प्रवासी गेटवर थांबलाय, तुम्ही या, असं अकरा वर्षांत मी एकदाही बोलले नाही.

शेजारी रेश्मा बसली होती, वर्सोव्याची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी तिला म्हटलं, "आत्ता कोणी अनाउन्स केलं गं?"

"कधी?"

"आत्ता! बंद विंगमध्ये."

"काय नाय यार. तू जेवलीस का नीट?"

मीही म्हणाले असते, ठीक आहे, भास. पण काउंटरसमोर व्हीलचेअरवर एक मालवणकडच्या आजी बसल्या होत्या. मुलगा पाणी आणायला गेला होता. त्या मला म्हणाल्या, "अगो बाय, आता लाडांचा नाव घेतल्यानी मां? ह्यो सतरा नंबर खंय इलो? आमका तर बावीस सांगल्यानी."

आजींना म्हटलं, तुमचं बावीसच, तुम्ही बसा. आणि फोन उचलून कंट्रोल रूमला जोसेफला लावला. टर्मिनलची सगळी स्पीकर सिस्टीम तो बघतो.

"जोसेफ, आत्ता पावणेदोनला काय गेलं?"

त्याने बघितलं. "काहीच नाही. साडेबारानंतर तुमच्या टर्मिनलमध्ये एकही अनाउन्समेंट नाही."

"बंद विंगचे स्पीकर चालू आहेत का?"

तो हसला. "ताई, त्या विंगचे स्पीकर माझ्या टेबलाखाली खोक्यात आहेत."

मी उठले. रेश्माला म्हटलं काउंटर बघ, आणि पार्टिशनच्या दाराकडे गेले. तिथे एक सिक्युरिटी गार्ड आणि बाजूला खुर्चीवर कामाचा सुपरवायझर मोरे, डबा खात. मी सरळ विचारलं, "तुमच्याकडे दत्ताराम लाड नावाचं कोणी आहे?"

मला मनापासून वाटत होतं की तो नाही म्हणेल. मग मी परत जाऊन खुर्चीत बसणार होते.

"आहेत ना. इलेक्ट्रिशियन. का?"

"कुठे आहेत?"

"जेवायला गेले असतील खाली. आत कोणी नाही मॅडम." त्याने मागच्या फळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर खिळे ठोकलेले, प्रत्येक खिळ्याला एकेक पास. बाहेर पडताना कामगाराने पास टांगायचा, आत जाताना काढून गळ्यात घालायचा. लाडांचा पास खिळ्यावर होता. "बघा. बाहेर आहेत."

"खाली फोन करून विचारा."

त्याने नाखुशीने फोन केला. जिथे सगळे जेवतात तिथे लाड नव्हते. "विडी ओढायला गेले असतील," मोरे म्हणाला. लाडांचा स्वतःचा फोन लागत नव्हता.

आणि मी तिथेच उभी असताना पुन्हा आलं. ह्यावेळी दाराच्या फटीतून, जवळून. "सतरा नंबर गेट. कृपया कोणीतरी यावे." मोरेचा घास काही थांबला नाही. गार्डने मात्र मान वर केली. त्याला मी नंतर कितीदा विचारलं, तो एवढंच म्हणतो, "कुछ आवाज़ तो था मॅडम." त्याच्या पुढे एक शब्द नाही.

मी ड्युटी मॅनेजरना बोलावून घेतलं. सावे सर. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

"सुजाता, बांधकामाची जागा आहे ती. स्टाफ असलीस तरी तुला आत जाता येणार नाही."

"मग तुम्ही जा. सतरा नंबरला एक माणूस अडकलाय."

"कोणी सांगितलं?"

काय सांगणार? मी म्हटलं, "ते नंतर सांगते. आधी बघा."

"मोरे म्हणतायत आत कोणी नाही. पास बाहेर आहे. उगाच..."

मोरे डबा बंद करत म्हणाला, "मॅडमना काम नसेल सर."

मला राग आला आणि त्या रागाने बरंच झालं, भीती गेली. काउंटरवरचं पॅड माझ्या हातातच होतं. ते मी सरांपुढे धरलं. "मग लिहून द्या सर. 'सतरा नंबर बघायची गरज नाही.' खाली सही करा आणि वेळ टाका. मी गप्प जाऊन बसते."

सर पॅडकडे बघत राहिले. मग मोरेकडे. मग म्हणाले, "हेल्मेट घाल."

आत धूळ, वर उघडी लोखंडी पट्ट्यांची जाळी, मोठ्या काचांतून दुपारचं ऊन. ज्या विंगमध्ये मी हजारो माणसांना बोलावलं होतं ती ओळखूही येत नव्हती. सतरा नंबरचा आकडा अजून खांबावर होता. खाली कोणी नव्हतं. सिमेंटच्या गोणी, एक शिडी, बस्स.

"झालं समाधान?" मोरे म्हणाला.

मी ओरडले, "लाड! दत्ताराम लाड!" माझा हा घोगरा आवाज त्या रिकाम्या जागेत फार लांब गेला नाही. उत्तर नाही. सर घड्याळ बघायला लागले. मला कळत होतं की आता परत फिरले तर आयुष्यभर हसं होणार... आणि तरी पाय हलेना.

"ह्या गेटला लागून आणखी काय काय आहे?"

"एरोब्रिज होता, तो काढून नेला. आणि त्याच्या मागे एसीची खोली. तिथे सकाळीच काम उरकलं."

एसीच्या खोलीच्या दाराला जिप्समच्या बोर्डांची चळत टेकवून ठेवली होती. माणसाच्या उंचीची. दार बाहेर उघडणारं.

"हे कधी ठेवलं?"

"सुट्टी सुरू होता होता. माल आला ना, ठेवला लोकांनी..." बोलता बोलता मोरेचा चेहरा बदलला.

मी बोर्ड ओढायला लागलेच होते. मग मोरेही लागला, गार्डही, आणि सावे सरसुद्धा, पांढरा शर्ट, टाय, सगळ्यासकट. दार उघडलं.

लाड आत जमिनीवर पडले होते. पन्नाशीचा माणूस. डोळे उघडे, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात निर्जीव. मला बघून त्यांनी डावा हात जेमतेम बोटभर उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं. टर्मिनलचे डॉक्टर, स्ट्रेचर, ॲम्ब्युलन्स, अंधेरीतलं हॉस्पिटल. मेंदूचा झटका होता. डॉक्टर त्यांच्या बायकोला म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. झालं होतं असं — लाड जेवायला बाहेर आले, पास टांगला, आणि चष्मा एसीच्या खोलीत राहिला म्हणून दोन मिनिटांसाठी तसेच परत आत गेले. तिथे हातपाय गेले, वाचा गेली. बाहेर माल ठेवणाऱ्यांना काय माहीत आत माणूस आहे ते.

मी तीन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले, दहिसरला, नदीजवळच्या चाळीत. तोवर ते काठी धरून चालायला लागले होते. बोलणं अडखळत, पण कळण्याजोगं. बायकोने पोहे केले होते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलंच, "काका, आत पडला होता तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं?"

"आलं ना. अनाउन्समेंट. बाहेर चालली असेल असं वाटलं."

"काय म्हणत होती?"

"'कोणीतरी येत आहे. कृपया झोपू नये.' सारखं तेच. मला झोप येत होती हो भारी... पण ती बाई झोपू देईना."

मी विचारलं, "आवाज माझ्यासारखा होता?"

ते संकोचले. "नाय. रागावू नका, तुमचा आवाज घोगरा आहे. ती बाई वेगळी होती."

माझ्या मोबाईलमध्ये माझी जुनी घोषणा आहे, एका मैत्रिणीने गंमत म्हणून रेकॉर्ड केलेली. पुण्याच्या की नागपूरच्या कुठल्यातरी उशिरा सुटलेल्या विमानाची. ती मी लावली. पहिल्या "कृपया"लाच लाडकाकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हीच," ते म्हणाले. "हीच बाई. कोण आहे ही?"

मी सांगितलं. त्यांच्या बायकोने माझा हात धरला तो मी निघेपर्यंत सोडला नाही.

जोसेफने माझ्या सांगण्यावरून जुन्या सिस्टीममधली सगळी रेकॉर्डिंग्ज काढली. माझ्या आवाजात "सतरा" आहे, "गेट" आहे, "कृपया लक्ष द्यावे" आहे. "लाड" कुठेच नाही. "झोपू नये" तर कशाला असेल? शिवाय लाड ह्या विमानतळावर कामाला लागून नववाच दिवस होता. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. त्या मालवणी आजी त्याच दुपारच्या विमानाने गेल्या. त्यांचा नंबर घ्यायला हवा होता, सुचलं नाही. रेश्मा आजही शपथेवर सांगते की तिला काही ऐकू आलं नाही, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. नवरा म्हणतो, कोणाकडून तरी नाव तुझ्या कानावर पडलं असेल. असेल. मग आजींच्या कानावर कुठून पडलं? मी खूप डोकं लावलं. अजूनही लावते. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि खोटं उत्तर मला नकोय. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती, ती मी केली. पासांवर भरवसा न ठेवता माणसं मोजा, असे तीन अर्ज लिहिले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला "नोंद घेतली आहे". तिसरा घेऊन मी स्वतः मीटिंगच्या खोलीबाहेर दोन तास उभी राहिले. सावे सर आतून आले आणि मला आत घेऊन गेले. आता तो खिळ्यांचा फळा नाही. सुट्टीच्या वेळी आणि काम संपताना दाराशी यादी घेऊन नावं पुकारतात, आणि माणसाने स्वतःच्या तोंडाने ओ द्यायची. माझी ड्युटी असली की यादी मी वाचते.

परवा एका नावाला उत्तर आलं नाही. मी दुसऱ्यांदा पुकारलं. भुकेली माणसं, डबे हातात, चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, आला असेल तो, सोडा ना." मी दार सोडलं नाही. तिसऱ्यांदा पुकारलं, जेवढा आवाज निघतो तेवढा काढून. तेव्हा बाथरूमच्या बाजूने एक जण ओले हात झटकत धावत आला.

"आहे मॅडम, आहे! इथेच आहे!"

मी टिक केली आणि पुढचं नाव घेतलं.