छान म्हणेल त्याने कप विसळायचे

आमच्या चित्रपट मंडळाचे नियम माझ्या नवऱ्याने केले होते. सिनेमा संपला की प्रत्येकाने एकदाच बोलायचं. ज्याने सिनेमा निवडला त्याने सगळ्यांत शेवटी. आणि ‘छान’ म्हणायचं नाही. जो छान म्हणेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. छान म्हणजे मी बघितला नाही, असं हे म्हणत.

कागदी कप ह्यांनी मंडळात कधी येऊ दिले नाहीत, कारण मग विसळायचं काय? म्हणून पहिल्या रविवारी पेणला वाचनालयाच्या माडीवर आणि दुसऱ्या रविवारी रोह्याला शाळेच्या एका वर्गात, प्रोजेक्टरबरोबर चिनी मातीचे कपही जात. गाडीत प्रोजेक्टर ह्यांच्या मांडीवर आणि जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या कपांची पिशवी माझ्या. निडी स्टेशन मागे पडलं की हे म्हणत, “आज कोण विसळणार, बोल.” मी रोह्याच्या कुणाचं तरी नाव घेई. बहुतेकदा चुके.

शेवटचा सिनेमा ह्यांनी आजारपणात निवडला. त्यात काही घडत नाही. वीस वर्षं वेगळे राहिलेले नवरा-बायको एका स्वयंपाकघरात बसून बोलतात. दोन तास चाळीस मिनिटं. बाई मेथी निवडते, पुरुष समोरच्या स्टुलावर बसलेला असतो. मेथीची जुडी संपते, ती दुसरी घेते, बोलणं चालूच राहतं. पेणला आमच्या रामवाडीच्या घरी, पलंगावर लॅपटॉप ठेवून आम्ही तो दोघांनी पाहिला. पाहिला म्हणजे ह्यांनी पाहिला. मी त्या महिन्यात सलग तीन तास झोपले नव्हते. औषधं, डबा, चादरी, पुन्हा औषधं. बाईने मेथीची मुळं कापली एवढं मला आठवतं. ह्यांनी लॅपटॉप मिटला त्या आवाजाने मी जागी झाले.

“कसा वाटला?”

“छान,” मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. आता ‘कप’ म्हणतील, असं मला वाटलं. आमच्यातली ती नेहमीची थट्टा होती. म्हणाले नाहीत. “बरं,” म्हणाले आणि पंखा कमी करायला सांगितला. पुढच्या आठवड्यात हे गेले.

नंतर मंडळाच्या वहीत पाहिलं तर येत्या महिन्यापुढे तोच सिनेमा लिहिलेला होता, ह्यांच्या वाकड्या झालेल्या अक्षरात. मी ठरवलं, हा एवढा दाखवायचा, पेणला आणि रोह्याला. मग प्रोजेक्टर वाचनालयाला देऊन टाकायचा. मला खरं तर कशाचंच बळ नव्हतं. पण लोक काय म्हणतात ते ऐकायचं होतं. ह्यांना त्यात काय दिसलं ते माझ्याकडून हुकलं होतं. निदान दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते कळावं.

पेणला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. मी मागच्या खुर्चीत बसले आणि अर्ध्या तासात पुन्हा झोपले. हे लिहायला लाज वाटते, पण झोपले. दिवे लागले तेव्हा शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला होता. तिला वाटलं, मी डोळे मिटून रडतेय.

चहा फिरला. बोलायला सुरुवात एका मूर्तिकाराने केली. कारखान्यात गणपतींचे डोळे आखण्यात त्याची हयात गेली. त्यामुळे पडद्यावर कुणी खोटं रडलं की तो खुर्चीतच चुळबुळायला लागे. ह्यांचा आणि त्याचा दर महिन्याला वाद ठरलेला. एकदा तर दोघं जिना उतरून रस्त्यावर भांडत गेले होते आणि प्रोजेक्टर वरच राहिला होता. तो उठला, कप दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

“छान होता, वहिनी,” तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याच्यामागून सगळे तसेच. फार छान. खोल होता. साहेबांची निवड म्हणजे काय. एकाने तर डोळे पुसले. नियमाप्रमाणे त्या दिवशी सगळ्यांनीच कप विसळायला हवे होते. कुणाला आठवलं नाही, किंवा आठवून कुणी बोललं नाही. ती शोकसभा झाली होती. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले. सगळे गेल्यावर कप मीच विसळले.

दुसऱ्या रविवारी रोह्याला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण शाळेची किल्ली मागून ठेवलेली होती. मांडीवर प्रोजेक्टर आणि पायांत कपांची पिशवी घेऊन बसले. निडी आलं, गेलं.

रोह्याला चौदाच माणसं होती. वर्गातले बाक लहान, त्यात मोठ्या माणसांचे गुडघे अडकतात. या वेळी मला झोप लागणं शक्य नव्हतं, कारण माझ्या पुढ्यातला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांपासून उसासे टाकत होता. हा धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर. रात्रपाळी उतरून तसाच आला होता. मध्यंतराच्या सुमारास त्याने बायकोला मोठ्याने विचारलं, “हाय का गेली वीज?” पडद्यावर तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.

संपल्यावर चहा. पहिला तोच.

“वहिनी, राग मानू नका. साहेब असते तर त्यांना पण हेच बोललो असतो. शिफ्ट करून आलो मी. आणि बघतो काय, तर बाई मेथी निवडतेय. हे आमच्या घरी रोजच चालतं.”

त्याची बायको कप खाली न ठेवता म्हणाली, “घरी बघता कधी तुम्ही? मी मेथी निवडताना कधी समोर बसलात?”

वर्ग हसला. मग जे सुरू झालं ते आवरेना. शाळेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, हा सिनेमा नाही, नाटक आहे, आणि नाटक म्हणूनही लांबलंय. त्यांच्या मागे बसलेल्या नर्सबाई चिडल्या. “मास्तर, खरी भांडणं अशीच लांबतात. तुम्हाला काय, घंटा झाली की तास संपला.” ऑपरेटर म्हणाला, “मग घंटा तरी वाजवायची!” एकदाच बोलायचा नियम केव्हाच मोडला होता.

कोपऱ्यात खाडीकडच्या गावातली एक म्हातारी होती. आयुष्यभर मिठागरात राबलेली, आता नर्सबाईंच्या शेजारी मुलीकडे राहायला आलेली. नर्सबाईंनी तिला विचारलं.

“माझा काय इचारतेस गो,” ती म्हणाली. “त्यांचा निम्मा बोलना माना समजला नाय. पन त्यानी तीनदा पानी मागला. ती उठली नाय. चौथ्यांदा त्यानी मागलाच नाय, तवा उठली. येवढाच बघितला मी.”

“हे कधी झालं?” ऑपरेटर म्हणाला.

“तू वीज बघत व्हतास तवा.”

पुन्हा हशा झाला. मला हसू आलं नाही. मी ते पाहिलं होतं, दीड-दोन तासांपूर्वीच, पण म्हातारीने सांगेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. हे पलंगावर माझ्या शेजारी बसून तिसरं पाणी मागणं बघत होते, आणि मी झोपले होते.

शेवटी माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे वळले, आणि पेणसारखंच वाटायला लागलं. हात जोडावेत आणि सुटावं, असं मनात आलं.

“मला हा लांब वाटला,” मी म्हणाले. “मधला एक तास मला नको होता. मी हा तिसऱ्यांदा बघतेय. पहिल्या दोन्ही वेळा झोपले.”

“मग आम्हाला का छळलंत?” ऑपरेटर म्हणाला. बायकोने त्याला कोपर मारलं.

“पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर बघितला,” मी म्हणाले. “ह्यांनी विचारलं, कसा वाटला. मी म्हणाले, छान.”

मास्तर छताकडे बघू लागले. मग ऑपरेटर अवघडून उठला, स्वतःचा कप घेऊन माझ्यापर्यंत आला आणि तो माझ्या हातात दिला.

“नियम आहे, वहिनी.”

एकेकाने कप आणून दिले. नर्सबाई मदतीला उठल्या, तर म्हातारीने त्यांचा पदर धरून खाली बसवलं.

शाळेचा नळ मागच्या व्हरांड्याच्या टोकाला आहे. धार बारीक असते, त्यामुळे वेळ लागतो. पंधरा कप होते, माझा धरून. पाठ दुखत होती. वर्गातून आवाज येत होते. बाईने पाणी आणलं खरं, पण तो ते प्याला की नाही, यावर वाद पेटला होता. ऑपरेटर म्हणत होता, प्याला. त्याची बायको म्हणत होती, पेला नुसता तोंडाला लावून ठेवला, तुम्ही बघितलंच नाही. मग त्यानेच खिडकीतून हाक मारली, “वहिनी, तुम्ही सांगा, प्याला का नाय?”

मला माहीत होतं. पण माझं बोलून झालं होतं. मी पुढचा कप नळाखाली धरला.