सदाशिवची पोहायची टाकी

किस्से कुणी गोळा करत नाही. हिर्डोशीच्या थांब्यावर एसटी वेळेवर येत नाही, म्हणून ते साचतात. आम्ही तिघं तिथं रोज बसतो. सदाशिव, भोर डेपोचा निवृत्त ड्रायव्हर हुसेन, आणि मी. यंदाचे सगळे किस्से सदाच्या टाकीचे.

सदा जन्मभर नदी पोहून ओलांडत आला. तो पाण्यातून, मी त्याचे कपडे काखेत मारून पुलावरून. पलीकडे पोचला की तो हात पुढे करायचा, मी सदरा द्यायचो. बोलायची पद्धत नव्हती.

गेल्या वर्षी तो गोठ्यात पडला. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज पोहा, नाहीतर पाय जाईल. आम्ही त्याला नदीवर नेला. पाण्यात उतरवला, पण वर काढताना तिघंही चिखलात आडवे.

हुसेन पडल्या पडल्या म्हणाला, "वरंधा घाटात माझी गाडी कदी घसरली न्हाई. तुमी दोगांनी मला घसरवलं."

*

पुण्याहून सदाचा मुलगा विलास आला. मोबाईलवर टाकी दाखवली. खोलीएवढी. मशीन समोरून पाणी ढकलतं, माणूस जागेवर पोहतो.

"मंग पोचायचं कुठं?" सदाने विचारलं.

"कुठंच न्हाई, आबा. तेच तर फीचर हाय."

*

टाकीला जागा एकच, गोठ्याची. म्हैस विकावी लागणार होती. सदाची बायको हौसाक्का म्हणाली, "म्हैस दूध देती. टाकी काय देनार?"

विलास म्हणाला, "आबांचा पाय."

दुसऱ्या दिवशी म्हैस विकली, आणि दावणीचा खुंटा हौसाक्कानेच उपटला.

*

धरण आमच्या उशाला, तरी उन्हाळ्यात वाडीला टँकर. टाकी भरायची कशाने, हा प्रश्न निघाला. शिवाय लाइट. ती गेली की मशीन बंद.

हुसेन म्हणाला, "मंग म्हैस परत आना. बसंल त्या टाकीत."

सदा हसला नाही. त्या दिवशी थांब्यावरून उठताना आम्हा दोघांना त्याला धरावं लागलं.

*

शेवटी नसरापूरजवळ हायवेच्या दुकानात टाकी बघायला गेलो. विलासने सदाला आत सोडला. मशीन सुरू झालं. सदाला धार तिरकी कापायची सवय. तो तिरका निघाला आणि भिंतीवर आदळला.

दुकानदार म्हणाला, "बाबा, सरळ पोहा."

"सरळ पवनारा आमच्या नदीत ऱ्हात न्हाई," हुसेन म्हणाला.

मग सदा सरळ पोहू लागला. मी सवयीने कपडे घेऊन टाकीच्या पुढच्या टोकाला उभा राहिलो. त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. पाय चांगला हलत होता. वर्षात पहिल्यांदा. तो दर श्वासाला माझ्याकडे बघायचा. एकदा त्याने हात पुढे केला. पाण्याने त्याला मागे नेला. तो पुन्हा पोहू लागला.

दमल्यावर मशीन बंद केलं, त्याला बाहेर काढला. विलासचे डोळे भरले होते. "पाय हलला, आबा. घ्यायची ना?"

सदाने माझ्या हातातून सदरा घेतला. बटणं लावून झाल्यावर माझ्याकडे बोट करून बोलला.

"ह्यो आज लई लांब हुबा ऱ्हायला."