परदेशातल्या पोरानं घासलेली ताटं

मंडळी, तालमीच्या फळ्यावर आज सुविचाराच्या जागी माझ्या घरचं लिहितोय. रागावू नका, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

अमेरिकेत शिकणारा माझा पोरगा अशोक बहिणीच्या लग्नासाठी घरी आलाय; लग्न गेल्या आठवड्यात पार पडलं. आज उचगावचे त्याचे मामा जेवायला होते. आमच्यात पुरुषमाणूस आपलं ताट उचलत नाही. हा जेवून उठला आणि सगळ्यांची ताटं गोळा करून मोरीत घासायला बसला.

मामा हसले, "तिकडं जाऊन ह्येच शिकलास व्हय रं?"

"हाटेलात ह्येच करतोय मामा, तवा कॉलेजची फी भागतीया की."

त्याची आई उठली आणि साबणानं चिरा पडलेल्या त्याच्या हातांना खोबरेल लावत बसली.

आम्ही समजत होतो, पोरगं तिथं नुसता अभ्यास करतंय. परवा तो परत निघणार, अजून एक वर्ष राहिलंय. थांब म्हणावं तर शिक्षण बुडतं. जा म्हणायला तोंड उघडत नाही.

रात्री तो पुन्हा ताटं उचलेल. त्याला अडवू, की शेजारी बसून मीही घासू? तुम्ही काय केलं असतं, ते खाली लिहा. खडू इथंच ठेवलाय.