पाठ चोळाले शिकाचं म्हनून सौंसरले गेली

काल रातभर मले झोप नाही. पोरीचे बाबा झोपले, पन त्यायच्या पाठीवरचा हात म्या उचलला नाही. आताही डावा हात तिथंच हाये, उजव्यानं लिहून राहिली. कोन कुठं जाऊन आलं ते आपल्या विहाराच्या भिंतीवर लिहून लावतात, म्हनून विहारात शिकवनाऱ्या बाईनं मलेही कागद देला. मी चौथीपर्यंत शिकली, चुकलं तं समजून घ्या. कोनाले पाठीसाठी सौंसरले जाचं असन तं कामी येईन.

संत्र्याच्या पेट्या ट्रकात चढवता चढवता यायच्या कमरेत चमक भरली. तवापासून कुशीवर होता येत नाही, अन उजव्या पायाले मुंग्या येतात. सासू म्हने, "आनंदाले बलाव, तो पायाळू हाये." आनंदा माहा भाऊ. जलमताना त्याचे पाय पैले आले, म्हनून लोक पाठीवर त्याची लाथ घेतात, त्यानं चमक निंगून जाते म्हनतात. नागपूरले लाकडाच्या टालावर कामाले हाये, चांगला दांडगा. हे पडल्या पडल्या म्हने, "साळ्याच्या लाथेनं बरा झालो तं जलमभर ऐकून घ्या लागन." हासले, अन तसेच कन्हले. सासूनं आनंदाले निरोप धाडला, इतवारी ये. मले त्या मुंग्यायचं भेव वाटे. ठरवलं, आधी सौंसरच्या मावशीले विचारते. ती बाळंतिनीचं अंग चोळते.

पांढुर्ण्याच्या स्टँडवरून सकाळची मोटर धरजा, बसाले जागा भेटते. मागच्या शिटावर बसू नका, लय आदळते. कंडक्टर पोरीकडे पाहून म्हने, "झोपली हाये तोवर तिकीट नाही. उठली तं आधं."

"मंग डायवरले सांगा, हळू चालव."

सौंसर जवळ आलं का दोन्ही आंगी संत्र्याचे बगीचे लागतात. वझ्यानं फांद्या मोडू नये म्हनून झाडायले बांबूचे टेकू लावलेले. मी सारा रस्ता टेकूच पाहत गेली. उतरल्यावर गरम आलुबोंडा खाल्ला, मिरची संगं. भुकेल्या पोटी जाऊ नका, मावशी लवकर सोडत नाही.

तिनं मलेच चटईवर पालथं पाडलं. "शिकाचं तं आधी आपल्या पाठीनं शिक."

जवसाचं तेल कोमट केलं, आधी आपल्या तळहातावर घेतलं. पाठीवर एकदम धार सोडली का मानूस आखडते. कमरेपासून मनक्याच्या दोन्ही बाजूनं पुरा पंजा वर न्यायचा, खांद्यावरून वळवून बरगडीवरून खाली आनायचा. वर जाताना वजन द्याचं, खाली येताना नुसता हात फिरवायचा. मनक्याच्या हाडावर दाब नाही. समोरचा श्वास सोडन तवाच दाबायचं. खांदे भाकरीच्या पिठावानी मळायचे. तेल घ्याले एक हात उचलला तं दुसरा पाठीवरच राहू द्याचा. मावशी म्हने, "दोन्ही हात उचलले का पाठ वाट पाहते, आता काय होते म्हनून."

बाळंतपनानंतर माह्या पाठीले कोनी हात लावला नव्हता. मी झोपूनच गेली. पोरगी रडली तवा उठली.

मंग मावशी पालथी झाली. "काहून व, मी काय तापला तवा हाये का? हात टेकव ना."

"भेव वाटते, मावशी."

"वाटू दे. मनात ठेव, हातात नको आनू."

मंग म्या मुंग्यायचं सांगतलं. मावशी उठूनच बसली. "पायात मुंग्या? मंग लाथ बिलकुल नाही. कमरेले तूही दाबू नको. वरची पाठ अन खांदे, हलक्या हातानं, जीव मोकळा होऊन झोप लागाव म्हनून. चोळून हे बरं होत नाही, पोरी. दवाखान्यात ने."

"सासू नाही ऐकत."

"तं ऐकव."

घरी येऊन ऐकवलं. सासू म्हने, "लय आली सौंसरची डाक्टरीन. माहा बाप लाथेनंच उठून चालला होता."

म्या म्हनलं, "आनंदानं पाय उचलला तं मी मंधात पडीन. लाथ माह्या पाठीवर बसन." आजपर्यंत सासूपुढं मी एवढं बोलली नव्हती.

रातच्याले हलक्या हातानं खांदे चोळले. यायचा श्वास लांब झाला, मंग घोरनं सुरू झालं. इतक्या दिसात पैल्यांदा. सौंसरवरून मी एवढंच घेऊन आली. त्यानं झोप आली, पाय अजून तसाच हाये.

हात काढला का हे जागे होतात, म्हनून मले फोन कराले पोस्टात जाता येत नाही. बाई कागद न्याले येऊनच राहिली. टालाच्या फोनचा नंबर तिच्याजवळ हाये. आनंदा उद्या पैल्या गाडीनं निंगन. हे जो कोनी वाचन त्यानं आजच पोस्टातून त्याले फोन लावा. सांगा, ये, पन लाथ माराले नको येऊ. सोमवारी यायले दवाखान्यात उचलून न्या लागते, अन घरात तेवढ्या ताकतीचं कोनी नाही, त्यासाठी ये.