वकीलसाहेबांच्या आजोबांची तलवार

निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं. सभा भरवायची तर परवानगी लागे, म्हणून लातुरात आम्ही आमच्या मंडळाला नुसतं ‘वाचन’ म्हणायचो. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सात-आठ जण ग्रंथालयाच्या माडीवर जमायचे. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि मंडळाचा चिटणीस होतो. इतकी पोकळ माणसं एका सतरंजीवर मी पुन्हा पाहिली नाहीत.

एकदा आमच्यातल्याच वकीलसाहेबांनी आपल्या घराण्याची हकीकत सोलापुरात छापून आणली. सगळ्यांना एकेक प्रत फुकट दिली आणि पुढच्या शुक्रवारी चर्चा ठेवली.

पहिल्यांदा हेडमास्तर बोलले. ग्रंथ एका बैठकीत संपवला म्हणाले. त्यांच्या मांडीवरच्या प्रतीची कडेला जोडलेली पानं अजून फोडलेलीसुद्धा नव्हती. वैद्यबुवांना भाषा ओघवती वाटली. वकीलसाहेब मान खाली घालून लाजत होते. लाजायचं कसं तेही त्यांना बरं जमायचं.

पुस्तक खरोखर वाचलं होतं एकट्या आप्पांनी. आप्पा मूळचे औशाचे, लिंगायत, कापडाचे दुकानदार. त्यांनी एक पान उघडलं.

“तुमच्या आजोबांनी तलवार घेऊन लुटायला आलेल्या रोहिल्यांना औशाच्या वेशीबाहेर पळवलं, असं लिहिलंय. आमची आजी येगळं सांगायची. तुमचे आजोबा दोन दिवस आमच्या धान्याच्या बळदात, ज्वारीत बसून होते. आजी वरून भाकरी टाकायची.”

वकीलसाहेब कोर्टातल्या आवाजात म्हणाले, “सबूत काय आहे आप्पा?”

“तलवारीचा तरी काय हाय?”

“आप्पा, इथं साहित्याची चर्चा चालू आहे,” हेडमास्तर म्हणाले. “दुकानातल्या गप्पा दुकानात.”

आप्पांनी पुस्तक मिटलं, पागोटं नीट केलं आणि जिना उतरून गेले. मग एकमतानं अभिनंदनाचा ठराव झाला. तो मी लिहिला, सुवाच्य अक्षरात. ‘घराण्याच्या शौर्याचा प्रामाणिक इतिहास’ हे शब्द माझे होते. वकीलसाहेब शाळेच्या कमिटीवर होते, आणि मला कायम व्हायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी आप्पा आले नाहीत. दोन दिवसांनी मी दुकानात गेलो. त्यांनी तक्क्याकडे बोट दाखवून बसवलं.

“मास्तर, लपला म्हणून माणूस वाचला. त्यात लाज कसली?” ते म्हणाले. “मला वाटलं, एवढ्या जाड पुस्तकात आजीची एक तरी ओळ आसंल. म्हणून समदं वाचलं.”

मी म्हणालो, दुसऱ्या आवृत्तीत बघू. आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि गिऱ्हाइकापुढं लुगडं उलगडायला घेतलं.

महिन्याभरात मी कायम झालो.