रेडिएटरमधली हळद

बाळकाकांच्या हातांना कायम हळदीचा वास यायचा, आणि तो स्वयंपाकघरातला नव्हे. नव्वदच्या दशकात मंचरमध्ये त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिचा रेडिएटर गळायचा. काका झाकण काढून मूठभर हळद आत टाकत. ती भोकात जाऊन बसे आणि गळती थांबे. "मिस्त्रीकडं कशाला न्यायची? घरचं औषद हाय की," म्हणत.

गळती थांबली, काकांची मूठ काही थांबली नाही. सणासुदीला, लांबच्या गावाला निघताना, नुसता संशय आला तरी हळद! मग इंजिन तापायला लागलं. काकांनी पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप बदलला, हवा अडते म्हणून जाळीवरची देवीची पाटीसुद्धा काढली. मिस्त्रीला मात्र जवळ फिरकू दिलं नाही. "गाडीचा सोभाव मालकालाच कळतो, राव." हे ऐकलं की माझं डोकं इंजिनाच्या आधी तापायचं.

एका सकाळी निमगाव साव्याहून काकूच्या आईचा निरोप आला. म्हातारीनं अन्नपाणी सोडलं होतं, 'लेकीला बोलवा' एवढंच म्हणत होती. काकू एसटीनं जायला निघत होती, पण काकांनी हट्टानं गाडी काढली आणि तिला तीत बसवलं. सोबत मीही बसलो.

खोडदच्या अलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसायला लागल्या आणि बॉनेटमधून वाफ आली. इंजिन निवेपर्यंत थांबलो, पाणी ओतलं, निघालो. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मी पाइपांना हात लावून पाहिला. वरचा चटका देत होता, खालचा गार.

"काका, पाणी फिरतच नाहीये. तुमच्या हळदीनं रेडिएटर चोंदलाय!"

"हळदीनं कुनाचं वाईट झालंय का कदी?" म्हणत ते पुन्हा पट्टाच चाचपू लागले.

मागून एसटी आली तशी रस्त्याकडेला बसलेली काकू उठली. काका म्हणाले, "थांब गं, निघूच आता. दारात गाडी असून एसटीनं गेलीस तर मान्सं हासतील." ती बसली. एसटी गेली. पुढची यायला दुपार झाली. तिला मात्र काकूनं हात केला आणि मागं न बघता चढली.

ती पोचली तेव्हा आईची वाचा गेली होती.

पुढच्या आठवड्यात काकांनी मुकाट्यानं रेडिएटर मिस्त्रीकडे दिला. आतून पिवळा गाळ निघाला. गाडी नंतर कधी तापली नाही, पण काकूही तिच्यात कधी बसली नाही. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "राग न्हाई रे त्यांच्यावर. पाय उचलत न्हाई."

काका होते तोवर हे असंच चाललं. काकू माहेरी निघाली की एसटीत, आणि काका रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागोमाग. दोघांच्याही हट्टाचा मला संताप यायचा. निमगाव साव्याच्या फाट्यावर उतरल्यावर काकू हातातली पिशवी तेवढी गाडीत ठेवू द्यायची. स्वतः चालत घरी जायची.