कौलाखालचे झिंगे

हंबीरराव आप्पा पलटणीतून कायमचे घरी आले ते त्र्याहत्तर साली. मळ्यात ऊस होता, तो धाकटा भाऊ बघत होता. घरात त्यांच्या बायकोचं, शालूबाईकाकींचं, सगळं ज्या त्या जागी लागलेलं होतं. चहाची पूड कुठल्या डब्यात आहे, हेही आप्पांना विचारावं लागे. इतके दिवस सुट्टीपुरता पाहुण्यासारखा येणारा माणूस आता रोज घरात होता, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच नीट कळत नव्हतं. पारावर बसले तर लोक लढाईचं विचारत. आप्पा थोडं सांगत, मग उठून जात.

लढाईनंतर ते काही महिने कलकत्त्याच्या लष्करी इस्पितळात होते. तिथं त्यांच्या खाटेसमोर माशांची काचेची पेटी होती. तशीच एक त्यांनी सांगलीच्या काचवाल्याकडून लोखंडी चौकटीत काच बसवून आणली आणि घरी न नेता गावच्या दूध डेअरीत, बाकड्याशेजारी ठेवली. मिरजेहून सोनेरी मासे आणले; नदीतले बोटाएवढे चंदेरी मासे त्यांच्यात सोडले. किटल्या घेऊन आलेल्या बाया, गडी पेटीपुढं थांबू लागले. कुठला मासा आज सुस्त आहे, कुठला कुणाच्या मागं लागलाय, याची चर्चा होई. आप्पा बाकड्यावर बसून सगळ्यांना उत्तरं देत. माशांबद्दल बोलताना त्यांना उठून जावंसं वाटत नसे.

अडचण आली ती एकादशीनं. आमच्याकडं त्या दिवशी घाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायची रीत आहे. घाट गावापासून लांब, डेअरी मात्र वाटेतच. म्हाताऱ्या धोंडुबाईंनी एकदा आपल्या गोळ्या पेटीतच सोडल्या, आणि मग साऱ्या आळीला पुण्य मिळवायचा जवळचा रस्ता सापडला. नदीत वाहून जाणारं पीठ पेटीच्या तळाशी बसलं आणि आंबलं. पाणी पांढुरकं झालं, वास सुटला. डेअरीचे चेअरमन बाळासो नाकाला रुमाल लावून म्हणाले की, दुधाला हा वास लागला तर सगळ्या गावचं दूध तालुक्यावरून परत येईल. पुढच्या एकादशीला असंच झालं तर पेटी इथून उचलायची.

पेटी ठेवायला घरी जागा होती. पण घरी ती बघायला कोण येणार, हे आप्पा कुणाला बोलून दाखवू शकत नव्हते. आणि धोंडुबाईंना नको म्हणणं त्यांच्या तोंडून निघालं नसतं.

नदीवर जाळं टाकणाऱ्यांनी त्यांना सांगितलं की, उरलंसुरलं, शेवाळ, सगळं झिंगे साफ करतात. आप्पांनी ओंजळभर झिंगे आणून पेटीत सोडले. काचेसारखे आरपार दिसणारे, लांब मिशांचे. एवढ्यात कांदा-खोबरं घालून बरं कालवण झालं असतं, असं शालूबाई घरी म्हणाल्या.

झिंगे लोकांना नीट दिसावेत म्हणून आप्पांनी पेटी पलटणीच्या शिस्तीनं लावली. पाणगवत उपटलं, दगड बाहेर काढले, वाळू धुऊन सपाट केली. उद्या कुणी साहेब तपासणीला आला असता तरी बोट ठेवायला जागा नव्हती. आणि मग एका सकाळी वाळूवर झिंग्याचं नुसतं टरफल पडलेलं दिसलं. आप्पांचा संशय सगळ्यांत मोठ्या सोनेरी माशावर गेला. त्याला त्यांनी पाण्याच्या घमेल्यात वेगळा ठेवला. दूध मापणारा आकाराम येईल त्याला सांगू लागला, "आप्पांनी माशाचं कोर्ट मार्शल केलंय. साक्षीदार समदे फितूर हाईत."

दुसऱ्या दिवशी वाळूवर आणखी एक टरफल होतं. आरोपी तर घमेल्यात कैदेत होता.

"सुटला की वो गडी," आकाराम म्हणाला.

आप्पांनी टरफल तळहातावर घेतलं. पाय, मिशा, डोळ्यांवरचं पापुद्र्यासारखं आवरणसुद्धा शाबूत. कुणी खाल्ल्याची खूण कुठंच नव्हती. सापाची असते तशी ती कात होती. ज्यानं ती टाकली तो झिंगा कोपऱ्यात काचेला लागून बसला होता, नवा आणि मऊ, आणि बारके मासे त्याला टोचून बघत होते. तो इकडं सरके, तिकडं सरके. धुतलेल्या वाळूवर त्याला आडोसाच नव्हता. तो आप्पांनीच काढून टाकला होता.

शालूबाई किटली टेकवून मागं उभ्या होत्या. चारचौघांत त्या नवऱ्याशी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"बाळंतिणीला कुणी चावडीत बसवतं व्हय? खोलीला पडदा लावत्यात, अंधार करत्यात. अंगात बळ आलं की येतीच की ती भाईर."

आप्पा स्वतः जाऊन गोठ्यामागची फुटकी कौलं घेऊन आले, घासून धुतली आणि वाळूवर उपडी घातली. पाणगवत पुन्हा लावलं. घमेल्यातल्या माशाला पेटीत सोडलं. झिंगे एकेक करून कौलाखाली गेले आणि दिसेनासे झाले.

लोकांना हे आवडलं नाही. कौलं तर आमच्या घरावरही आहेत, ती बघायला डेअरीत कशाला यायचं, असं बायका म्हणू लागल्या. आप्पा नुसते हसत. एकादशी आली. धोंडुबाई गोळ्या घेऊन आल्या, त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. माशांनी खाल्लं तेवढं खाल्लं, उरलेलं तळाशी गेलं. संध्याकाळी पाणी जरा धुरकट होतं. आप्पा जेवायला घरी गेले, पण पानावर फार वेळ बसले नाहीत.

द्वादशीला सकाळी धुरकटपणा निवळला होता. पीठ अजून होतं, पण ठिकठिकाणी कुरतडलेलं. त्याच्या पुढच्या सकाळी वाळू स्वच्छ होती आणि पेटीतून पलीकडची भिंत दिसत होती.

बाळासो आले. पेटीवर वाकले, वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"असू द्या हितंच," ते म्हणाले. मग डोळे बारीक करून आत बघत राहिले. "पर तुमचं झिंगं कुठं हाईत? मला तर एक दिसंना. मेलं काय?"

"हाईत. त्यास्नी वाटंल तवा येत्यात. बसा जरा."

बाळासोंना बँकेत जायचं होतं. तरी ते बाकड्यावर टेकले. आकाराम दूध मापत होता. शालूबाई रिकामी किटली घेऊन दारातच थांबल्या होत्या. बऱ्याच वेळानं एका कौलाच्या कडेखालून दोन मिशा बाहेर आल्या, पाण्यात हलल्या, आणि पुन्हा आत गेल्या.